भुंकण्याचे नियमन, लघुकाय श्वानांतील

लहान चणीच्या पाळीव कुत्र्यांचे प्रसंगाच्या मानाने फार वेळ चालणारे, वारंवार उद्भवणारे किंवा निमित्त नाहीसे झाल्यावरही न थांबणारे भुंकणे प्रशिक्षणाने मर्यादेत आणण्याच्या उपायांना ही संज्ञा लावतात. भुंकणे समूळ बंद पाडणे हा या तालमीचा हेतू नव्हे. ते कधी सुरू व्हावे आणि विशेषतः कधी थांबावे यास शिस्त लावणे एवढाच तिचा हेतू असतो. किती भुंकणे अतिरेकी समजावे याचे सर्वमान्य मोजमाप नाही, आणि एकाच कुत्र्याविषयी मालक, शेजारी व पशुवैद्य यांचे अभिप्राय क्वचितच जुळतात. ‘लघुकाय’ वर्गाची वजनमर्यादाही लेखकपरत्वे बदलते. येथे सामान्यतः १० किग्रॅ.च्या आतील कुत्री अभिप्रेत आहेत.

जाती व आनुवंशिकता : ज्या कामासाठी एखादी जात पैदा केली गेली त्या कामाचा अंमल तिच्या कंठावर पुढेही राहतो. बिळात शिरून बिज्जूचा पाठलाग करणारा जर्मनीतील डॅशहुंड आणि कोल्ह्याच्या बिळात उतरणारे ब्रिटनमधील टेरियर यांचे जमिनीखालचे भुंकणे हीच वर उभ्या असलेल्या शिकाऱ्यास मिळणारी वर्दी असे. तिबेटातील ल्हासा अप्सो घराच्या वा मठाच्या आतल्या अंगाला राहून परक्याची चाहूल लागताच इतल्ला देई आणि प्रत्यक्ष मुकाबला बाहेरच्या मोठ्या मॅस्टिफकडे सोपवी, असे परंपरेने सांगितले जाते. महाराष्ट्रातील शहरी घरांत ‘पामेरियन’ म्हणून ओळखले जाणारे पांढरे कुत्रे बहुधा भारतीय स्पिट्झ असते. स्पिट्झ गटातील अनेक जातींप्रमाणे तेही आवाजाला सावध व भुंकण्यास तत्पर असते. पग तुलनेने शांत मानतात.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर यांनी अमेरिकेतील मेन राज्यात, बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत केला आणि तो १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅन्यल, शेटलंड शीपडॉग व तारकेशी फॉक्स टेरियर या पाच जाती त्यांनी घेतल्या होत्या. मूळची आफ्रिकेतील बसेंजी जात क्वचितच भुंकते; उलट एका कॉकर स्पॅन्यलने १० मिनिटांत ९०७ वेळा भुंकल्याची नोंद आहे. या दोन जातींचा संकर केला असता पहिल्या पिढीतील पिल्ले सहज भुंकण्याच्या बाबतीत कॉकरकडे झुकली. यावरून, भुंकू लागण्यास किती उत्तेजन लागते याची पातळी पुष्कळशी आनुवंशिक असते एवढे म्हणता येते. एकदा सुरू झालेले भुंकणे किती वेळ चालावे हे मात्र घरातील अनुभवावर अधिक अवलंबून असते, असे प्रशिक्षकांचे मत आहे.

प्रकार : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत सोफिया यिन व ब्रेंडा मॅकॉवन यांनी १० कुत्र्यांच्या ४,६७२ भुंकारांचे ध्वनिविश्लेषण करून २००४ मध्ये असे दाखविले, की दारावरची घंटा वाजल्यावरचे भुंकणे खालच्या पट्टीतील व खरखरीत असते, तर एकटे कोंडल्यावरचे आणि खेळातले भुंकणे वरच्या पट्टीतील व अधिक चढउतारांचे असते. प्रकार ओळखल्याशिवाय उपाय योजू नये, हा नियम यातूनच निघतो. कारण परक्याला हुसकण्यासाठी, मागणी पुरी करून घेण्यासाठी आणि एकाकीपणाच्या भीतीने होणारे भुंकणे यांवर एकच इलाज लागू पडत नाही.

कारणमीमांसा : भुंकणे सुरू होण्याचे कारण आणि ते टिकून राहण्याचे कारण या दोन निराळ्या बाबी असून प्रशिक्षणाचा संबंध मुख्यतः दुसरीशी येतो. बी. एफ. स्किनर (१९०४–९०) यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या साधक अभिसंधानाच्या उपपत्तीनुसार, ज्या वर्तनाचा परिणाम प्राण्यास लाभदायक ठरतो ते वर्तन पुन्हापुन्हा घडते. टपालवाला दाराशी येतो, कुत्रे भुंकते, टपालवाला निघून जातो. तो आपले काम आटोपून गेला हे कुत्र्यास कळण्याचा संभव नसल्यामुळे भुंकण्यानेच परका हटला असा जमाखर्च त्याच्या खाती पडतो, आणि कुरिअरवाला, इस्त्रीवाला, कचरा नेणारा यांच्या रोजच्या फेऱ्यांनी ती नोंद पक्की होत जाते. लक्ष वेधण्यासाठी चाललेल्या भुंकण्यावर मालकाने दरडावून ‘गप!’ म्हणणे हेही कुत्र्याच्या लेखी लक्षच होय. त्यातही नऊ वेळा दुर्लक्ष करून दहाव्या वेळी बिस्किट देणाऱ्या घरात भुंकणे सर्वाधिक चिवट होते. कारण अधूनमधून फळणारी सवय नेहमी फळणाऱ्या सवयीपेक्षा सुटण्यास अवघड असते.

लहान कुत्र्यांचा प्रश्न येथेच वेगळा पडतो. तीस किलोंचे कुत्रे पाहुण्यावर भुंकू लागले की घरातील सर्व मंडळी तत्काळ बंदोबस्ताला लागतात. तीन किलोंच्या कुत्र्यास तोच कसूर माफ होतो, किंबहुना त्याचे कौतुक होते आणि पुष्कळदा त्यास भुंकत असतानाच उचलून कडेवर घेतले जाते. व्हिएन्ना येथे क्रिस्टीन अर्हान्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १,२७६ मालकांच्या उत्तरांवरून २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २० किग्रॅ.च्या आतील कुत्री मोठ्या कुत्र्यांहून कमी आज्ञाधारक व सहज उत्तेजित होणारी आढळली. परंतु त्यांचे मालकही वागण्यात अधिक विसंगत आणि कुत्र्याबरोबर तालीम व खेळ यांत कमी वेळ घालविणारे आढळले. यांपैकी कारण कोणते व कार्य कोणते हे अशा पाहणीने ठरत नाही. तथापि मालकाची विसंगती ही दुरुस्त होण्याजोगी बाब असल्याने प्रशिक्षणाचा आरंभ तेथून करणे इष्ट ठरते.

प्रशिक्षण : दारावरच्या भुंकण्यासाठी, त्याच्याशी एकाच वेळी न जमणारे दुसरे वर्तन शिकविणे ही पद्धत प्रयोगाने तपासली गेली आहे. दरवाजा दिसेल पण दाराशी नसेल अशा ठिकाणी एक छोटी सतरंजी घालून ‘जागेवर’ म्हणताच कुत्र्याने तिच्यावर जाऊन बसावे एवढेच प्रथम, घंटेविना, पक्के करून घेतात. नंतर मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलेली घंटा अगदी हळू आवाजात वाजवून लगेच ‘जागेवर’ म्हणतात, आणि कुत्रे सतरंजीवर शांत बसले की तत्क्षणी खाऊ देतात. आवाज टप्प्याटप्प्याने वाढविणे, मग घरातल्याच कोणी बाहेरून खरी घंटा वाजविणे, मग कडी काढणे, दार किलकिले करणे, ओळखीच्या माणसाने आत येणे आणि सर्वांत शेवटी अनोळखी माणसाने येणे, असा क्रम असतो. कुत्रे भुंकले तर त्यास न रागावता एक पायरी मागे येतात. ही तालीम दिवसातून काही मिनिटांचीच पण नेमाने घ्यावयाची असते, आणि ती पुरी होईपर्यंत खरी घंटा बंद ठेवून येणाऱ्यांना फोन करण्यास सांगणे श्रेयस्कर असते. अन्यथा तालमीत कमावलेले तालमीबाहेर गमावले जाते. यिन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दुरून चालविलेल्या यंत्रातून खाऊ देऊन हाच क्रम शिकविला असता दाराशी भुंकणे व अंगावर उड्या मारणे कमी झाले.

मागणीच्या भुंकण्यास मालकाने पाठ फिरवावी आणि शांतता होताच, ती क्षणभराची का असेना, मागणी पुरी करावी. येथे आरंभी भुंकणे कमी न होता काही काळ वाढते. ही विलोपनाच्या, म्हणजे लाभ थांबल्यामुळे सवय विरत जाण्याच्या, प्रक्रियेतील अपेक्षित अवस्था असून नेमक्या याच वेळी आजी-आजोबांपैकी अथवा मुलांपैकी कोणी द्रवले, तर कुत्रे अधिक जोराने भुंकावे लागते एवढाच धडा घेते. म्हणून नियम घरातील प्रत्येकास लागू असावा.

खाऊचा कण हरभऱ्याच्या डाळीएवढा पुरतो. तीन किलोंच्या प्रौढ कुत्र्याची दिवसाची गरज सुमारे २०० कॅलरींची असते आणि तीपैकी दशांशाहून अधिक वाटा खाऊचा नसावा. उकडलेले चिकन वा पनीर चालते, चॉकलेट, द्राक्षे, बेदाणे व कांदा यांस सक्त मनाई आहे. पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर आदी जातींत श्वासनलिका चेपण्याचा विकार आढळत असल्याने भुंकताना साखळीने गळ्याला हिसका देण्याची जुनी रीत सर्वथा त्याज्य होय, छातीपट्टा वापरावा.

एकांतातील भुंकणे : मालक बाहेर पडल्यावरचे भुंकणे शिस्तीचा प्रश्न नसून बहुधा भीतीचा असतो. ध्वनिचित्रमुद्रणाने खातरजमा करून, क्षणभराच्या अनुपस्थितीपासून मुदत क्रमाने वाढवितात. अलेक्झांड्रा प्रोटोपोपोव्हा व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, न भुंकलेल्या अवधीबद्दल आपोआप खाऊ देणारे यंत्र मोजक्या कुत्र्यांवर वापरून अनुकूल परिणाम नोंदविले.

गळपट्टे : भुंकताच विजेचा झटका देणारा आणि सिट्रोनेला या उग्र वासाच्या तेलाचा फवारा सोडणारा असे दोन पट्टे प्रचारात आहेत. सोराया हुआर्बे-दियाझ व कॅथरिन हाउप्ट यांनी १९९६ मध्ये दोहोंची तुलना केली असता मालकांनी फवाऱ्याच्या पट्ट्यास अधिक पसंती दिली. परंतु बेलफास्ट येथील डेबोरा वेल्स यांच्या २००१ मधील अभ्यासात, पट्टा सतत बांधल्यास कुत्री फवाऱ्यास सरावतात आणि एक दिवसाआड बांधल्यास परिणाम अधिक टिकतो, असे दिसले. दोन्ही साधने भुंकण्याचा हेतू पुरा करीत नाहीत की बदलीतही नाहीत. विजेच्या पट्ट्यांविषयी तज्ज्ञांत तीव्र मतभेद आहेत. वेल्समध्ये त्यांवर २०१० पासून बंदी आहे.

औषधोपचार : पशुवैद्याच्या सल्ल्यानेच, प्रशिक्षणास पूरक म्हणून.

वृद्ध कुत्री : नव्याने सुरू झालेल्या भुंकण्यात वेदना, बहिरेपणा व स्मृतिभ्रंश यांची तपासणी आधी करावी.

कायदा : स्वरतंतू कापून आवाज घालविण्याच्या शस्त्रक्रियेस युरोप परिषदेच्या १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण करारान्वये मनाई आहे. भारतात ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातली असली, तरी त्यांचा मुख्य रोख ध्वनिक्षेपक, वाद्ये व फटाके यांवर आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याच्या सबबीवर गृहनिर्माण संस्थेस कुत्रे पाळण्यावर बंदी घालता येत नाही. त्याच वेळी शेजाऱ्यांस उपद्रव होणार नाही याची दक्षता घेण्याची अपेक्षा मालकांकडून केलेली आहे. सोसायटीकडे लेखी तक्रार आल्यास कोणत्या वेळी, कशामुळे व किती वेळ कुत्रे भुंकले याची मालकाने ठेवलेली रोजची टिपणे उभय पक्षी उपयोगी पडतात, आणि प्रशिक्षकासही प्रथम तीच लागतात.