कालबाह्य मटेरियल स्पेसिफिकेशन (खरेदी आदेशातील)

खरेदी आदेशात (पीओ) किंवा त्यासोबतच्या ड्रॉइंगवर मागे घेतलेल्या अथवा दुसऱ्या मानकात विलीन झालेल्या मानकाचा उल्लेख असल्यास ते मटेरियल स्पेसिफिकेशन कालबाह्य मानतात.

महाराष्ट्रातील मशीन शॉपमध्ये आजही रुळलेली ‘ईएन ८’, ‘ईएन २४’ ही पोलादांची नावे ब्रिटनच्या बीएस ९७० मानकातील, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहेत. ब्रिटनने १९७०च्या दशकात ती बदलली. ईएन ८ चे ‘०८०एम४०’ झाले. त्यातील ०८० म्हणजे मँगॅनीज सुमारे ०.८० टक्के, ४० म्हणजे कार्बन सुमारे ०.४० टक्के. पुढे युरोपीय मानके आली आणि त्यांच्या क्रमांकांआधीही ‘ईएन’ हीच अक्षरे असल्याने घोटाळा वाढला. भारतात आयएस २२६ हे मानक आयएस २०६२ मध्ये विलीन झाले. त्यातील ‘एफई ४१० डब्ल्यूए’ पुढे ‘ई २५० ए’ झाले. ४१० हा आकडा ताणसामर्थ्याचा, २५० हा यील्ड स्ट्रेंथचा. त्यामुळे आकडा घटला म्हणून पोलाद कमकुवत झाले, असे ठरत नाही.

मानकाच्या क्रमांकापुढे वर्ष छापलेले असेल तर तीच आवृत्ती लागू होते. नसेल तर सर्वसाधारण प्रथेनुसार चालू आवृत्ती. मिलचे टेस्ट सर्टिफिकेट (टीसी) मात्र बहुधा चालू मानकाचेच येते. पीओवर एक ग्रेड आणि टीसीवर दुसरी दिसली, की आवक तपासणीत माल अडकतो.

पर्यायी ग्रेडचे तक्ते सर्रास वापरले जातात, पण ते केवळ जवळचे नाव सुचवतात. ईएन २४ ला (८१७एम४०) पर्याय म्हणून ३४ सीआरएनआयएमओ ६ दाखवतात. पहिल्यात कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के, दुसऱ्यात ०.३० ते ०.३८. हीट ट्रीटमेंटनंतरच्या कडकपणात हा फरक उतरू शकतो. म्हणून पर्यायाचा निर्णय खरेदी विभागाने किंवा पुरवठादाराने परस्पर घेऊ नये. तो डिझाइन विभागाचा.

पुरवठादाराने ऑर्डर स्वीकारण्यापूर्वीच लेखी विचारणा करावी. आयएसओ ९००१:२०१५ मध्येही ग्राहकाच्या अपेक्षा ऑर्डर घेण्याआधी तपासणे अपेक्षित आहे. पर्याय मान्य झाल्यावर पीओची दुरुस्ती निघते व ड्रॉइंगचे रिव्हिजन बदलते. फोनवरची संमती तपासणीच्या टेबलावर टिकत नाही. संगणकातील आयटम मास्टर सुधारायचे राहून गेले, तर पुढचा पीओ पुन्हा जुन्याच ग्रेडने निघतो.