बावखलं, वाड्या आणि २९ गावं

वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडी म्हणजे नुसती जमीन नव्हे. केळी, पानवेल, मोगरा, भाजीपाला सगळं एकाच कुंपणात. कडेला विहीर आणि सखल जागी बावखल. बावखल म्हणजे खोदून केलेलं गोड्या पाण्याचं तळं. पावसात ते भरायचं, पुढं वाडीला पाणी द्यायचं आणि आसपासच्या विहिरींना ओल पुरवायचं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. गोडं पाणी जमिनीत मुरलं नाही की खारं आत सरकतं, हे आमच्याकडं शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. पहाटेच्या गाडीनं फुलं, पानं, भाजी दादरला जायची. मुंबईशी आमचं वैर नव्हतंच. तिच्याच बाजारावर आमच्या चुली पेटल्या.

कुरबुर सुरू झाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस. हरित पट्ट्यातली जमीन बांधकामाला मोकळी होऊ लागली आणि रेल्वेच्या बाजूला इमारती उठल्या. माणसं आली, त्यांना पाणी हवंच होतं. मग गावातल्या विहिरींवर टँकर लागले. बाहेरून आलेल्या गरिबानं तहानेलं राहावं असं कुणी म्हणत नव्हतं. पण विहीर उपसून शहर किती दिवस चालणार, हा प्रश्न होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानं हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिनं हाच प्रश्न चव्हाट्यावर मांडला. देवळातले आणि चर्चमधले लोक एका मोर्च्यात चालले.

पुढं ३ जुलै २००९ ला वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा तर तिच्यात गेल्याच, पण भोवतालची पन्नासहून अधिक गावंही गेली. गावकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: आम्हाला विचारलं कुणी? ग्रामपंचायत काही देवाघरची नव्हती. तिथंही भाऊबंदकी, तिथंही वशिला. पण ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला 'अमुक नाला का बुजला रे?' असं तोंडावर विचारता येई. तो पारावर भेटे, त्याला पळायला जागा नसे. महापालिकेत गाव म्हणजे एका प्रभागाचा तुकडा. शिवाय घरपट्टी वाढेल, वाडीवर आरक्षण पडेल, ही धास्ती होतीच.

सगळं गाव एका बाजूला होतं असं मात्र नाही. नळाचं पाणी, गटार, रस्ता कुणाला नको असतो? वाडीत राबायला पोरं तयार नव्हती, जमिनीला भाव आला होता. एकाच घरात थोरला विरोधात नि धाकटा बाजूनं, असं चाललेलं. तरी विरोधाचं पारडं जड ठरलं. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. त्याच लाटेवर २००९ मध्ये विवेक पंडित वसईतून आमदार झाले. अखेर २०११ मध्ये शासनानं २९ गावं वगळण्याचा निर्णय काढला. गुलाल उधळून होतो न होतो तोच महापालिका उच्च न्यायालयात गेली, आणि गावं कागदावर एकीकडं, कारभारात दुसरीकडं अशी वर्षानुवर्षं लोंबकळली. २०२४ मध्ये शासनानं २०११ चा तो निर्णयच मागं घेतला. पहिल्या मोर्च्यातली कितीतरी माणसं तोवर गेली होती.

आज मागं पाहताना वाटतं, भांडण पंचायत की महापालिका एवढंच नव्हतं. बावखल बुजवायला चार डंपर माती नि एक रात्र पुरते. ते कागदावर नुसती पडीक सखल जागा असतं. त्यानं किती विहिरी जगवल्या हे तिथल्या माणसालाच माहीत. तो माणूस जिथं बोलू शकतो अशी एक जागा गावाला हवी होती. ती पंचायतीत असो की प्रभागात, नाव काहीही द्या. ज्या वाड्या अजून हिरव्या आहेत, त्यांच्या विहिरी मे महिन्यात गोड राहतात की नाही, यावरच या सगळ्याचा हिशेब लागायचा आहे.