एक शाखा की दोन : अमेरिकी व्यवसायशिक्षणातील विशेषीकरण

व्यवसायशिक्षणाच्या पदवीसाठी एकाच विषयात विशेषीकरण करावे की दोन-तीन विषय एकदम घ्यावेत, हा प्रश्न आज विद्यार्थ्याच्या आवडीचा आणि नोकरीच्या हिशेबाचा समजला जातो. अमेरिकेतील विद्यापीठांचा इतिहास पाहिला, तर विद्यार्थ्यापुढे हा पर्याय येण्याच्या कितीतरी आधी तिथल्या विभागांनी तो घडवून ठेवला होता, असे दिसते.

निकेल आणि लोखंडाच्या धंद्यात संपत्ती मिळवलेले फिलाडेल्फियाचे कारखानदार जोसेफ व्हार्टन यांनी १८८१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला एक लाख डॉलर देऊन व्यवसायशिक्षणाची संस्था काढवली, तेव्हा त्यांच्या योजनेत विशेषीकरणाला फारसे स्थान नव्हते. त्या काळी व्यापाराचे शिक्षण म्हणजे पेढीवरची उमेदवारी, नाहीतर हिशेबठेवणी आणि सुवाच्य अक्षर शिकवणारी खासगी कमर्शियल कॉलेजे. व्हार्टन यांना सुस्थितीतील घरांतल्या तरुणांना हिशेबशास्त्र, चलन, करआकारणी आणि व्यापारी कायदा हे सारे एका शिस्तीत शिकवायचे होते. शिवाय देशी उद्योगांना जकातीचे संरक्षण हवे, हे मतही त्यांच्या गळी उतरवायचे होते, आणि त्यातला कारखानदाराचा स्वार्थ त्यांनी फारसा झाकलाही नाही.

विषय सुटे होत गेले ते विसाव्या शतकाच्या प्रारंभी, आणि विम्याचे उदाहरण त्या दृष्टीने बोलके आहे. सॉलोमन ह्युबनर यांनी १९०४ मध्ये व्हार्टन यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेत विम्यावर अध्यापन सुरू केले, मालमत्तेच्या व आयुर्विम्याच्या विषयावर पाठ्यपुस्तके लिहिली, आणि १९१३ मध्ये विम्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. विभाग झाला की त्याला प्राध्यापक हवेत, प्राध्यापकांना विद्यार्थी हवेत आणि विद्यार्थी मिळवायचे तर त्या विषयाच्या नावाची शाखा हवी. वाहतूक, बँकिंग, विक्रीव्यवस्था, कर्मचारी-व्यवस्थापन यांच्या वाट्याला कमी-अधिक फरकाने हाच क्रम आला. मालकवर्गालाही पहिल्या दिवसापासून कामाला जुंपता येईल असा माणूस हवाच होता.

याच सुमारास हार्वर्डमध्ये उलट दिशेची दुरुस्ती चालली होती. अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या काळात विद्यार्थ्याला विषयनिवडीची जवळजवळ पूर्ण मोकळीक होती. तिचा परिणाम म्हणजे सोपे विषय हुडकण्याची कला. १९०९ मध्ये अध्यक्ष झालेल्या लॉरेन्स लॉवेल यांनी सोळापैकी किमान सहा अभ्यासक्रम एकाच क्षेत्रात आणि काही मुद्दाम इतर क्षेत्रांत घेण्याचा नियम आणला. पदवीच्या आत एका क्षेत्रावर असा भर देण्याला ‘कॉन्सन्ट्रेशन’ म्हणतात. लॉवेल यांचा हेतू विस्कळीतपणाला आळा घालण्याचा होता. व्यवसायशिक्षणात मात्र ही चौकट विषयांच्या वाढत्या विभागणीलाच सोयीची ठरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यार्थीसंख्या फुगली तशी ही विभागणी टोकाला गेली. १९५९ मध्ये दोन अहवाल एकाच वर्षी प्रसिद्ध झाले : फोर्ड फाउंडेशनसाठी रॉबर्ट गॉर्डन आणि जेम्स हॉवेल यांनी लिहिलेला, आणि कार्नेगी कॉर्पोरेशनसाठी फ्रँक पियर्सन यांनी. तिघेही अर्थशास्त्रज्ञ, आणि तिघांचीही तक्रार जवळपास एकच : अभ्यासक्रम उथळ झाले आहेत, बारीकसारीक कौशल्यांच्या नावाने पदव्या दिल्या जात आहेत, आणि गणित, अर्थशास्त्र, मानव्यविद्या यांचा पाया कच्चा राहतो आहे. तज्ज्ञ म्हणून बाहेर पडलेल्या तरुणाला धंद्याचे स्वरूप बदलले की पुन्हा शिकावे लागणार, हा त्यांचा युक्तिवाद आजही खोडून काढणे अवघड आहे. पुढील दशकांत अनेक संस्थांनी शाखांना कात्री लावली आणि सर्वांना समान असा पायाभूत अभ्यासक्रम वाढवला.

विशेषीकरण आकाराने लहान झाले की दोन घेणे सुकर होते, हा त्या सुधारणेचा अनपेक्षित परिणाम. व्हार्टनच्या पदवी अभ्यासक्रमात आज एका कॉन्सन्ट्रेशनला साधारण चार अभ्यासक्रम पुरतात, त्यामुळे दुसरे घेणाऱ्यांचे प्रमाण बरेच आहे. पण एक घ्या वा दोन, पदवीचे नाव सर्वांना एकच, बी.एस. इन इकॉनॉमिक्स. फायनान्ससोबत हिशेबशास्त्र घेतल्यास दोन्हींतला बराच भाग एकमेकांवर चढतो. त्याऐवजी संख्याशास्त्राची जोड दिल्यास हाती नवे हत्यार येते. दुसऱ्या शाखेचे मोल या फरकावरून ठरते, प्रमाणपत्रावरील ओळींच्या संख्येवरून नव्हे, याकडे प्रवेशाच्या माहितीपुस्तिका सहसा लक्ष वेधत नाहीत.

हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९०८ पासून चालवलेल्या एमबीएमध्ये मात्र आजही शाखाच नाहीत, आणि १९६१ मध्ये हार्वर्डच्या सहकार्याने घडलेल्या अहमदाबादच्या आयआयएमनेही आपल्या मुख्य व्यवस्थापन-अभ्यासक्रमात हीच पद्धत ठेवली. महाराष्ट्रातील विद्यापीठे दुसऱ्या वाटेने गेली : मुंबई विद्यापीठाच्या एमएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात फायनान्स, मार्केटिंग, मनुष्यबळ अशा शाखा रुळल्या, तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या एमबीए आराखड्यात मुख्य विशेषीकरणाबरोबर दुय्यम विशेषीकरणाचीही सोय आहे.