विश्वाच्या प्रसरणास जुंपता येईल काय?

श्रोते हो, विश्व प्रसरण पावत आहे, तर त्या प्रसरणाकडून काही काम करून घेता येईल काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु गोदाकाठच्या सायखेडेकरांस तो परका वाटू नये. नदीचे पाणी उंचावरून सखलाकडे धावते, म्हणून त्यावर चक्र फिरते. पाणी एका पातळीत साचले की चक्र थांबते. जेथे फरक, तेथेच शक्ती हाती लागते. आता दीर्घिका एकमेकींपासून दूर पळत आहेत, हाही फरकच नव्हे काय?

प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित 1922 मध्ये फ्रीडमनने मांडले आणि 1929 मध्ये हबलने निरीक्षणांचा आधार दिला. त्याबरोबर एक अडचण उभी राहिली. विश्व दुप्पट ताणले गेले की त्यातून प्रवास करणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी दुप्पट होते व प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा निम्मी उरते. उरलेली निम्मी गेली कोठे? एमी नोएथर या विदुषीने 1918 मध्येच दाखवून दिले होते की, काळ बदलला तरी सृष्टीची मांडणी बदलत नसेल, तरच ऊर्जा अक्षय राहते. प्रसरणशील विश्वाची मांडणी तर काळागणिक बदलते. तेव्हा सबंध विश्वाच्या जमाखर्चाची वही जुळलीच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही.

या वहीशी एका मराठी माणसाचे नाव निगडित आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. 1948 मध्ये बाँडी, गोल्ड व हॉएल यांनी स्थिर-स्थिती सिद्धांत मांडला. विश्व पसरले तरी विरळ होऊ नये, म्हणून नवे द्रव्य सतत जन्मले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. शून्यातून द्रव्य येणार कसे, असा आक्षेप आला. कोल्हापुरात 1938 साली जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉएल यांचे शिष्य होते. 1960 नंतरच्या वर्षांत गुरुशिष्यांनी उत्तर दिले: ऋण ऊर्जेचे एक क्षेत्र मानावे. द्रव्याची जमा व क्षेत्राचे ऋण यांची तोंडमिळवणी होते, आणि त्याच क्षेत्राच्या रेट्याने विश्व पसरते. 1965 साली वैश्विक सूक्ष्मतरंगांचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी स्थिर-स्थितीची साथ सोडली. तथापि रेटा देणाऱ्या क्षेत्राची कल्पना मेली नाही. 1981 मध्ये गथ यांच्या सिद्धांतात तसेच क्षेत्र वेगळ्या रूपाने अवतरले.

प्रत्यक्ष काम काढून घेण्याचा विचार एडवर्ड हॅरिसन यांनी 1995 मध्ये मांडला. आपल्या मोटेची आठवण करा. बैल धावेवरून उतरतात, नाडा ताणला जातो, चाक फिरते. बैलांच्या जागी दूरची वस्तू कल्पावी. प्रसरणाने ती दूर जाऊ पाहते, दोर ताणला जातो, आणि दोर गुंडाळलेले चाक फिरून काम होते. नुसत्या वेगावर ही मोट फार काळ चालणार नाही, कारण दोराच्या ओढीने वेग संपेल. परंतु 1998 मध्ये कळले की प्रसरणाचा वेग वाढत आहे. म्हणजे बैलांस सतत कोणी तरी हाकीत आहे!

मग अडते कोठे? प्रमाणात. 32 लाख 60 हजार प्रकाशवर्षे दूर असलेल्या वस्तूवरची ही ओढ पृथ्वीच्या ओढीच्या शंभर लाख कोटींत सुमारे एक भाग आहे. तितका लांब दोर स्वतःच्याच भाराने तुटेल. या अदृश्य ऊर्जेचा साठा मोजला, तर एका घन किलोमीटरात तो 60 ग्रॅमचे वजन मीटरभर उचलण्यापुरता भरतो. शिवाय पृथ्वी, सूर्यमाला व आपली दीर्घिका गुरुत्वाने बांधलेल्या आहेत. त्या पसरतच नाहीत.

म्हणून फुकट विजेचे यंत्र विकावयास कोणी आला आणि विश्वाच्या प्रसरणाचा दाखला देऊ लागला, तर त्यास एवढेच विचारावे: तुझा दोर किती लांब आहे? ऊर्जेचा नियम कोठवर लागू पडतो हे तपासण्याचे धैर्य शास्त्रज्ञांनी दाखविले. त्या धैर्याचा आधार भोंदूगिरीस मिळू देऊ नये, एवढी जबाबदारी आपणां श्रोत्यांची आहे.