होळीचे हार-कंगन, आखाजीचे मांडे आणि आपले दात

होळी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या बाजारपेठांत साखरेचे हार-कंगन टांगलेले दिसू लागतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून त्यावर साखरेचा पाक ओततात. पाक थिजला की पदकांची माळ तयार. मुलांच्या गळ्यात हार, मनगटात कंगन. मग दिवसभर तोच हार गळ्यात आणि तोच तोंडात! दातांच्या दृष्टीने या ‘दिवसभर’ शब्दाला फार महत्त्व आहे. ते का, हे समजण्यासाठी खान्देशातून थेट स्वीडनपर्यंत जावे लागते. म्हणून हा धागा.

आधी एक गंमत. साखरेला आपण खांड म्हणतो. संस्कृतातील ‘खण्ड’ फारसी-अरबीतून प्रवास करीत युरोपात पोहोचला आणि तेथे त्याचा ‘कँडी’ झाला. ‘शर्करा’ अशाच वाटेने ‘शुगर’ झाली. मात्र खान्देशचा या खांडेशी काही संबंध नाही. हे नाव सामान्यतः फारुकी सुलतानांच्या ‘खान’ या किताबाशी जोडले जाते. १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराने शाहजादा दानियालच्या नावावरून या प्रांताला ‘दानदेश’ केले. पण लोकांच्या तोंडी ते बसले नाही.

शब्द प्राचीन असला, तरी पांढऱ्या साखरेची सुबत्ता अगदी अलीकडची. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात कारखाने झपाट्याने वाढले. १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पुढे खान्देशातही फैजपूरच्या ‘मधुकर’सारखे कारखाने उभे राहिले. १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, ते हेच फैजपूर. त्यापूर्वीच्या शेतकरी घरात गोड म्हणजे गूळ, आणि तोही सणावारी. येथे कोणी ‘गूळ नैसर्गिक, त्याने दात किडत नाहीत’ असे म्हणेल. ते खरे नाही. गूळ हीसुद्धा साखरच, वर चिकट! पूर्वजांना वाचवले असेल तर गुळाने नव्हे, गोडाच्या दुर्मिळतेने.

दात किडतो म्हणजे नेमके काय होते? बॅबिलोनियातील प्राचीन लेखांत दातातल्या अळीचा उल्लेख आहे. सुश्रुतसंहितेत ‘कृमिदन्तक’ नावाचा रोग आहे. आपण आजही ‘दाताला कीड लागली’ असेच म्हणतो. प्रत्यक्षात अळी कोठेच नसते. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात खरा गुन्हेगार दाखवला. तोंडातील जिवाणू साखर खातात, आम्ल सोडतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच आम्लता वाढते. मग लाळ ती हळूहळू निवळवते, विरघळलेली खनिजे काही प्रमाणात परतही बसवते. या कामाला साधारण अर्धा ते एक तास लागतो. तेवढ्यात पुन्हा एक तुकडा तोंडात गेला, तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

याचा निर्णायक पुरावा मात्र एका काळ्या प्रकरणातून मिळाला. स्वीडनमधील लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म नावाची संस्था होती. बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे तेथे ठेवलेली असत. १९४५ नंतरच्या काही वर्षांत त्यांच्यावर आहाराचे प्रयोग झाले. काही गटांना जेवणाबरोबर साखर दिली, काहींना दोन जेवणांच्या मध्ये मुद्दाम चिकट टॉफ्या, एका गटाला तर दिवसाला २४ पर्यंत. त्यांची संमती कोणी विचारली नव्हती. अनेकांच्या दातांचा कायमचा नाश झाला. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसे नुकसान केले नव्हते; जेवणांच्या मधल्या चिकट गोडाने दात उद्ध्वस्त केले होते. त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना आठवड्यातून एकदाच, शनिवारी, गोड देण्याचा प्रचार झाला. हे ज्ञान आपण आज बिनदिक्कत वापरतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये.

आता आखाजीच्या पंगतीकडे पाहा. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, अंगणात झोके बांधलेले, चुलीवरच्या पालथ्या खापरावर भाजलेली पुरणाची पोळी, म्हणजे मांडे, आणि शेजारी आमरसाची वाटी. गोड भरपूर, पण एका बैठकीत, ताटावर, तिखट रश्शीच्या सोबतीने. नंतर चूळ भरून माणूस उठतो. व्हिपेहोल्मच्या कसोटीवर ही पंगत बरीच सुरक्षित ठरते. याउलट दिवाळीच्या डब्यातून येता-जाता उचललेली शंकरपाळी आणि संक्रांतीचा दाढेत अडकणारा तिळगूळ धोक्याचा. आणि गळ्यातला साखरेचा हार तर टॉफीचा सख्खा भाऊ! तो हिरावून घेण्याची गरज नाही. पदके सोडवून जेवणाबरोबर द्यावीत, वर पाणी पाजावे. आमरस आंबट असेल तर लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे. रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर मात्र डबा बंद.

दात घासण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच. सुश्रुताने दातवणाची काडी १२ अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड सांगितली. कडू झाडांत निंब, तुरट झाडांत खैर श्रेष्ठ मानला. चरकाने तिळतेलाची गुळणी धरायला सांगितली. वाग्भटाने रोज काळे तीळ चावून वर थंड पाणी प्यायला सांगितले, त्याने दात मरेपर्यंत बळकट राहतात म्हणून. तिळगुळातला तीळ त्याने घेतला, गूळ वगळला, हे लक्षात घ्या.

पण परंपरेत सगळेच सोने नसते. गावोगावी बाभळीच्या काडीबरोबर मशेरीही आली. तंबाखू तव्यावर भाजून केलेली ही काळी पूड ‘दात स्वच्छ होतात’ म्हणून कित्येक आज्यांनी हिरड्यांवर चोळली. दात राहिले बाजूला. व्यसन जडले आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मिळाली. १९९२ मध्ये केंद्र सरकारने तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनाच्या उत्पादन-विक्रीवर बंदी घातली. स्वयंपाकघरातल्या तव्यापर्यंत ती बंदी पोहोचली नाही.