शंभर शब्दांचे हिम

एस्किमोंच्या भाषेत हिमाला शंभर शब्द आहेत, ही गोष्ट सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिचा पुरावा आता कोणी मागत नाही. या शंभराची कुळकथा मोठी उद्बोधक आहे.

१८८३ साली बॅफिन बेटावर जाऊन तेथील इनुइट लोकांत राहिलेल्या फ्रान्झ बोआस याने १९११ मध्ये अमेरिकेतील मूलनिवासींच्या भाषांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार शब्द दिले : जमिनीवरील हिम ‘अपुत’, पडते हिम ‘काना’, वाऱ्याने वाहणारे ‘पिक्सिरपोक’ आणि साचलेला ढीग ‘किमुक्सुक’. संख्येचे कौतुक त्याला करावयाचे नव्हते. नदी, सरोवर, दव, पाऊस ही पाण्याचीच रूपे इंग्रजी जशी स्वतंत्र शब्दांनी सांगते, तसेच हे, एवढाच त्याचा मुद्दा. १९४० मध्ये बेंजामिन ली व्हॉर्फ याने आपल्या एका लेखात हिमाचे आणखी प्रकार सांगितले. पुढे सांगोवांगी आकडा फुगत गेला आणि १९८४ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात तो १०० वर पोहोचला. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन या विदुषीने ही सारी वंशावळ उजेडात आणली.

परंतु मुळात शब्द मोजावयाचा कसा? ग्रीनलंडच्या भाषेत ‘इल्लु’ म्हणजे घर, ‘इल्लोर्सुआक’ म्हणजे मोठे घर. ‘त्याला घर आहे’ हे संपूर्ण वाक्य ‘इल्लोकार्पोक’ या एका शब्दात मावते, आणि जेथे घरे आहेत ते स्थान, म्हणजे नगर, ते ‘इल्लोकार्फिक’. मूळ शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय जोडणाऱ्या अशा भाषेत हिमाचेच काय, उंटाचेही हजारो शब्द सिद्ध होतील. आपल्याकडे तरी ‘घर’, ‘घरात’, ‘घरातला’, ‘घरातल्यांनासुद्धा’ हा शब्द एक की चार?

याचा अर्थ त्या लोकांना हिमाची सूक्ष्म जाण नाही, असा मात्र नव्हे. हिमावर जीव तोलून चालणाऱ्या शिकाऱ्याजवळ त्याच्या धंद्याची परिभाषा असावयाचीच. आपल्या शेतकऱ्याजवळही वळीव, झड, भुरभुर, संततधार आहेत. त्यांचे आपणास नवल वाटत नाही, कारण ती माणसे आपली आहेत.

खरे मर्म येथेच आहे. एके काळी ‘रानटी’ लोकांच्या भाषेत शब्द थोडे, असे ठामपणे सांगितले जाई; पुढे त्यांच्याच पदरी शंभर शब्द टाकण्यात आले. पहिल्यात तुच्छता होती, दुसऱ्यात कौतुक. पण त्या भाषेचे व्याकरण उघडून पाहण्याची तसदी दोन्ही वेळा फारशी कोणी घेतली नाही.

शब्दांच्या साठ्यावरून भाषेची श्रीमंती ठरविणे व्यर्थ आहे. नवा शब्द घडविण्याची तिची शक्ती पाहावी. २००९ पासून ग्रीनलंडची एकमेव राजभाषा असलेल्या या भाषेने संगणकाला ‘कारासासिआक’, म्हणजे कृत्रिम मेंदू, असे नाव दिले. मराठीने त्याच यंत्रात गणना करणारा पाहिला. दोन्ही शब्द आपापल्या घरच्या टाकसाळीतले आहेत, आणि दोन्ही नाणी चालू आहेत.