समय, संहिता आणि सत्ता : लिनक्स-कर्नलच्या आचारनियमांचे स्थित्यंतर

मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांपैकी एक पद संविद्व्यतिक्रमाचे आहे. नारदस्मृतीत त्याच विषयाला 'समयस्यानपाकर्म' अशी संज्ञा आहे. श्रेणी, नैगम, पूग इत्यादी समूहांनी आपसांत संमतीने ठरविलेल्या नियमांना 'समय' म्हणत, आणि समय मोडणे हा न्यायव्यवहाराचा विषय मानला जाई. अशा समूहांचे काम पाहणाऱ्या 'कार्यचिंतकां'चे गुणही याज्ञवल्क्यस्मृतीने सांगितले आहेत : ते धर्म जाणणारे, शुचिर्भूत आणि निर्लोभ असावेत. समूहाने ठरविलेला समय राखणे हे राजाचे कर्तव्य होते. म्हणजे समूहाच्या नियमामागे अखेर राजदंड उभा होता.

ज्या समूहाला राजाही नाही आणि भूमीही नाही, त्याचा समय कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न आधुनिक काळात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या निर्मात्यांनी नव्याने उपस्थित केला आहे. येथे सदस्यत्वाची नोंद नाही, वर्गणी नाही, आणि ज्यास जावयाचे असेल त्यास कोणी अडवू शकत नाही. अशा समूहांपैकी सर्वांत मोठ्या समूहांत ज्याची गणना होते, त्या लिनक्स-कर्नलच्या विकासकांनी २०१५ ते २०२४ या काळात आपले आचारनियम तीन वेळा बदलले. या बदलांचा क्रम पाहिला असता असे दिसते की, प्रत्येक वेळी वाद मजकुरावर झाला, परंतु निर्णायक ठरली ती कार्यपद्धती. तक्रार कोणी ऐकावी, निर्णय कोणी द्यावा आणि तो कोणी अंमलात आणावा, हे ठरेपर्यंत नियम केवळ सदिच्छेच्या पातळीवर राहिला.

(१) रूढीचा काळ

संगणकाची यंत्रसामग्री आणि तीवर चालणारे कार्यक्रम यांच्यामध्ये दुवा साधणाऱ्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्‌स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपण असा एक गाभा लिहीत असल्याचे जाहीर केले. पुढे तो मुक्त परवान्याखाली आल्यावर त्यात सुधारणा सुचविण्याचा मार्ग सर्वांस खुला झाला. सुधारणा 'पॅच' या स्वरूपात सार्वजनिक ई-मेल यादीवर धाडावयाची, इतरांनी तिची जाहीर चिकित्सा करावयाची, त्या त्या विभागाच्या मेंटेनरने ती स्वीकारावयाची, आणि अखेर ती टॉरवाल्ड्‌स यांच्याकडे जावयाची, अशी ही रचना आहे. अधिकाराची ही उतरंड कोणत्याही घटनेने निर्माण केलेली नव्हती. ती कामातून आणि विश्वासातून उभी राहिली होती.

वागणुकीचे नियमही असेच अलिखित होते. चिकित्सा कठोर असावी, भीडमुर्वत नसावी, आणि वाईट कामाला वाईट म्हणावे, ही रूढी होती. तिचे समर्थन पोकळ नव्हते. कर्नलमधील एका चुकीचा परिणाम असंख्य यंत्रांवर होतो. तेथे संकोच महाग पडतो. तथापि कामावरील टीका आणि माणसावरील प्रहार यांतील सीमारेषा कोणी आखलेली नव्हती. उतरंडीच्या शिखरावरील व्यक्तीच ती वारंवार ओलांडीत असे, आणि तिच्यावर अंकुश ठेवील असे स्थान त्या रचनेत नव्हते.

जुलै २०१३ मध्ये हा प्रश्न उघड्यावर आला. यूएसबी ३.० च्या यजमान-नियंत्रकाच्या विभागाची जबाबदारी सांभाळणारे विकासक सेज शार्प यांनी, शिवीगाळ आणि धाकदपटशा हा कामाचा आवश्यक भाग नाही, असे त्याच सार्वजनिक यादीवर स्पष्टपणे मांडले. टॉरवाल्ड्‌स यांचे उत्तर असे होते की, वरवरच्या सभ्यतेपेक्षा उघड राग प्रामाणिक असतो, आणि कचेरीतील गोड बोलण्यामागे पुष्कळदा कपट दडलेले असते. या युक्तिवादात तथ्यांश होता. परंतु उघड राग वरच्याने खालच्यावर काढला, तर खालच्याला तसाच राग उलट काढण्याची मोकळीक असते काय, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. स्पष्टवक्तेपणाचे मूल्य कोण चुकवितो, हा वादाचा खरा मुद्दा होता.

(२) २०१५ चा पहिला लेखी समय

मार्च २०१५ मध्ये कर्नलच्या दस्तऐवजांत 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' या नावाचा एक छोटा मजकूर दाखल झाला. तो ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी मांडला होता आणि अनेक प्रमुख विकासकांनी त्यास जाहीर संमती दिली होती. हा नियम नेहमीच्या पॅचच्या रूपानेच आला, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. संगणकाची आज्ञा ज्या रीतीने बदलावयाची, त्याच रीतीने माणसांचा नियमही बदलावयाचा, असा हा पायंडा होता.

नावातच या मजकुराची वृत्ती दिसते. संघर्ष हा येथील नित्यक्रम आहे असे गृहीत धरून तो लिहिलेला होता. तुमच्या कामाची कसून चिकित्सा होईल, ती सर्वांच्या हितासाठी आहे असे समजावे, असे प्रथम सांगून, कोणास वैयक्तिक अपमान किंवा धमकी अनुभवास आल्यास ते मान्य नाही, असे नंतर म्हटले होते. तक्रार लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाकडे करावयाची होती, आणि मंडळ ती सोडविण्याचा यथाशक्ती प्रयत्न करणार होते. शेवटी १९८९ च्या एका विनोदी अमेरिकी चित्रपटातील, एकमेकांशी चांगले वागा अशा अर्थाचे, वाक्य जोडले होते.

या मजकुरात दोन गोष्टींचा अभाव होता. कोणते वर्तन अमान्य याची गणना त्यात नव्हती, आणि तक्रारीनंतर काय घडेल हेही सांगितलेले नव्हते. निकष आणि रीती ही दोन्ही नसली म्हणजे तक्रार करणाऱ्याला मंडळाच्या सद्‌भावावर भिस्त ठेवावी लागते. ज्याला आधीच दुखावले गेले आहे, त्याच्याकडून एवढ्या भरवशाची अपेक्षा करणे कठीण होय. ऑक्टोबर २०१५ मध्ये, म्हणजे या मजकुरानंतर अवघ्या काही महिन्यांनी, शार्प यांनी कर्नलच्या समाजाशी आपला संबंध संपल्याचे जाहीर केले. तांत्रिक आदर मिळतो पण वैयक्तिक आदर मिळत नाही अशा ठिकाणी काम करणे शक्य नाही, असा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. लेखी नियम अस्तित्वात असताना हे घडले, ही बाब अर्थपूर्ण आहे.

(३) इतरांचे प्रयोग

याच सुमारास इतरत्र निराळे प्रयोग चालू होते. उबुंटू प्रकल्पाने २००४ मध्ये आरंभापासूनच आचारसंहिता स्वीकारली होती. डेबियनच्या विकासकांनी २०१४ मध्ये सर्वसाधारण मतदानाने आपली संहिता मंजूर केली. त्याच वर्षी कोरलाइन एडा एम्के यांनी 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट' हा नमुना-मसुदा सिद्ध केला. कोणत्याही प्रकल्पाने तो उचलून आपला म्हणावा, अशी त्याची योजना होती. त्यात अमान्य वर्तनाचे प्रकार नावानिशी दिले होते आणि नियम राबविण्याचे दायित्व मेंटेनरांवर टाकले होते. कर्नलच्या आतही चित्रप्रदर्शनाशी संबंधित विभागाने २०१७ मध्ये याच वळणाची संहिता स्वीकारली होती. संपूर्ण कर्नलपुढे उदाहरण हवे होते, ते अशा रीतीने घरातच तयार झाले.

(४) सप्टेंबर २०१८

१६ सप्टेंबर २०१८ रोजी दोन घटना एकत्र घडल्या. कर्नलच्या ४.१९ या आवृत्तीचा चौथा चाचणी-मसुदा प्रसिद्ध करताना टॉरवाल्ड्‌स यांनी आपल्या पत्रांतील वैयक्तिक हल्ले अनुचित होते अशी कबुली दिली, क्षमा मागितली, आणि इतरांच्या भावना समजून घेण्यासाठी साह्य मिळविण्याकरिता काही काळ काम थांबवीत असल्याचे सांगितले. त्याच दिवशी 'कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट' काढून टाकून त्याच्या जागी 'कॉन्ट्रिब्यूटर कव्हनंट'च्या १.४ आवृत्तीवर आधारलेली 'कोड ऑफ कॉन्डक्ट' दाखल करण्यात आली. जुना मजकूर आपला उद्देश साध्य करीत नाही, आणि स्पष्ट नियमांचा उपयोग अन्यत्र दिसून आला आहे, असे कारण बदलासोबत नोंदविले होते.

मजकुराच्या दृष्टीने ही प्रगती होती. रीतीच्या दृष्टीने मात्र ती निर्दोष नव्हती. लहानशा पॅचचीही जेथे जाहीर चिकित्सा होते, तेथे सर्वांच्या वागणुकीला बांधणारा नियम पूर्वचर्चेवाचून, मोजक्या सह्यांनिशी आला. व्यक्तीच्या अनियंत्रित सत्तेला आवर घालणारा नियम त्याच व्यक्तीच्या सत्तेने आणला गेला, असा विरोधाभास यातून उद्‌भवला.

आक्षेप तीन प्रकारचे होते. पहिला, नियमाच्या नावाखाली गुणवत्तेचा निकष सैल होईल. दुसरा, अमेरिकेतील सामाजिक वाद जगभरच्या विकासकांवर लादले जातील. तिसरा आक्षेप कार्यपद्धतीविषयी होता, आणि तोच सर्वांत वजनदार होता. नव्या मजकुरानुसार मेंटेनरांनी इतरांचे वर्तन सुधारावे, आणि तसे न केल्यास त्यांच्यावरच कारवाई व्हावी, असा अर्थ निघत होता. पुष्कळसे मेंटेनर अभियंते; न्यायदान हा त्यांचा व्यवसाय नव्हे. शिवाय परक्याचा ई-मेल पत्ता अनुमतीवाचून प्रसिद्ध करू नये, हे कलम, जेथे प्रत्येक बदलाबरोबर कर्त्याचा पत्ता कायमचा नोंदला जातो अशा प्रकल्पाला, जसेच्या तसे लागू करणे अवघड होते. आयत्या मसुद्याचे हे उणेपण होय. काहींनी तर आपण दिलेल्या कामाचा परवाना मागे घेण्याची भाषा केली. प्रत्यक्षात तसे काही घडले नाही. ४.१९ आवृत्ती क्रोआ-हार्टमन यांच्या देखरेखीखाली २२ ऑक्टोबर २०१८ रोजी बाहेर पडली, आणि त्यानंतर टॉरवाल्ड्‌स पुन्हा कामावर आले.

(५) भाष्याची आवश्यकता

सूत्रापाठोपाठ भाष्य यावे, ही आपल्या शास्त्रपरंपरेला परिचित असलेली गोष्ट येथेही घडली. ऑक्टोबर २०१८ मध्ये संहितेसोबत तिचा अर्थ विशद करणारा एक स्वतंत्र दस्तऐवज जोडण्यात आला. संहितेबाबत जे घडले नव्हते ते या भाष्याबाबत घडले : त्यावर विचारविनिमय झाला आणि अनेक मेंटेनरांची संमती घेण्यात आली.

भाष्याने तीन गोष्टी निश्चित केल्या. इतरांचे वर्तन एकट्याने हाताळण्याचे कोणतेही नवे बंधन मेंटेनरांवर नाही. त्यांनी स्वतःच्या उदाहरणाने मार्ग दाखवावा एवढीच अपेक्षा आहे, हे स्पष्ट झाले. तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र आचारसंहिता समिती नेमण्यात आली, आणि तिचे निर्णय दोन-तृतीयांश मतांनी फिरविण्याचा अधिकार तांत्रिक सल्लागार मंडळाला मिळाला. मध्यस्थ म्हणून भारतीय वंशाच्या विधिज्ञ मिशी चौधरी यांचे नाव नमूद करण्यात आले. तिसरी गोष्ट प्रकाशनाची : तक्रारींचा गोषवारा नावे वगळून ठराविक काळाने प्रसिद्ध करावा, आणि मंडळाने एखादा निर्णय फिरविल्यास कोणी कसे मत दिले हे मात्र नावानिशी सांगावे, असे ठरले. तक्रार करणाऱ्यास गोपनीयता आणि निर्णय देणाऱ्यास उघडेपणा, ही विभागणी विचारपूर्वक केलेली आहे. कार्यचिंतकांची शुचिता स्मृतिकारांनी त्यांच्या चारित्र्यावर सोपविली होती. येथे ती प्रसिद्धीच्या नियमात गुंफली गेली.

(६) २०२४ : दंडाचा प्रश्न

समिती होती, रीती होती. परंतु समितीचे म्हणणे कोणी मानलेच नाही तर काय, हे संदिग्ध राहिले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये भाष्यात नवा भाग जोडून ही उणीव दूर करण्यात आली. ज्या ठिकाणी नियमभंग झाला त्याच ठिकाणी त्याचा जाहीर उल्लेख करून क्षमायाचना मागावी, ही पहिली पायरी. ती विफल ठरल्यास काही काळ त्या व्यक्तीचे पॅच न स्वीकारणे, तिच्याशी सहकार्य थांबविणे, संवादाची साधने मर्यादित करणे, हे उपाय सांगितले आहेत. त्यांस मंडळातील दोन-तृतीयांश मतांची मंजुरी आवश्यक आहे. त्याच महिन्यात एका संचिका-प्रणालीच्या प्रमुख विकासकाचा सहभाग ६.१३ आवृत्तीच्या विकासचक्रापुरता मर्यादित करण्यात आला. तांत्रिक कर्तृत्व हे वर्तनाच्या नियमातून सुटका मिळविण्याचे साधन नाही, हे यातून प्रथमच कृतीने सांगितले गेले.

नव्या भागातच अशी कबुलीही आहे की, या उपायांची परिणामकारकता समाजाच्या आणि मेंटेनरांच्या विश्वासावर व सहकार्यावर अवलंबून आहे. राजदंडाच्या अभावी समय कशाने टिकतो, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर या कबुलीत आहे. समिती पॅच अडवू शकत नाही. पॅच मेंटेनरच अडवितो. तो समितीचे ऐकतो, कारण ज्या रीतीने निर्णय झाला ती रीती त्याला न्याय्य वाटते.

या दृष्टीने २०१५ चा मजकूर दुर्बळ ठरला, कारण त्यास संमती होती पण रीती नव्हती. २०१८ ची संहिता प्रथम डळमळीत राहिली, कारण तिच्यात निकष होते पण त्यांमागे संमती नव्हती. भाष्याने ही संमती मिळविली आणि २०२४ च्या दुरुस्तीने दंडाचे स्वरूप निश्चित केले. या क्रमाला नऊ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेवढ्या अवधीत जे निघून गेले त्यांची भरपाई कोणत्याही दुरुस्तीने होत नाही. आचारनियम अद्ययावत करू पाहणाऱ्या समूहाने मसुद्याच्या शब्दांवर जितका वेळ खर्च करावा, त्याहून अधिक वेळ तक्रारीचा मार्ग आखण्यात खर्च करावा, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.